डबी उघडण्याआधी दगड उचला
ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर बांधलेल्या बनावट माश्या घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘तुमची माशी चालत नाही’ ही तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, मासे काय खात होते? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. हे पत्रक त्यासाठी.

वाहत्या पाण्यात गुडघाभर उतरा आणि तळहाताएवढा एक दगड हळूच उलटा करा. सुरुवातीला नुसता ओला दगड दिसेल. जरा थांबा, डाग चालायला लागतात. अंगाने चपटा, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेला किडा म्हणजे मे-फ्लाय या माशीचा निम्फ, म्हणजे पाण्यात वाढणारं पिल्लू. शेपट्या दोनच आणि पोटाच्या कडा साफ असतील, तर स्टोनफ्लाय. दगडाला वाळूच्या कणांची बारीक नळी चिकटलेली दिसली, तर आत कॅडिसची अळी आहे. स्वतःच्या रेशमाने खडे-काटक्या जोडून तिने ते घर बांधलंय. बघून झालं की दगड होता तसाच ठेवा.

ट्राउट आपलं बरंचसं खाणं पाण्याखालीच उरकतो. मासा वर येऊन तरंगती माशी उचलतो ते बघण्यासारखं असतं हे खरं, पण वर मासा उठताना दिसत नसेल तर निम्फची वजनदार बनावट माशी तळालगत सोडा. दोरी वाहता वाहता क्षणभर अडली की काठी उचला. दहातल्या काही वेळा दगडच निघेल, निघू दे.

मे-फ्लाय : एकाच किड्याच्या चार माश्या

निम्फ पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, पाठीवरची कात फाटते आणि पंखवाला किडा बाहेर पडतो. याला डन म्हणतात. पंख शिडासारखे उभे धरून तो थोडा वेळ पाण्यावर वाहत जातो, मग काठावरच्या झुडपात जाऊन पुन्हा एकदा कात टाकतो. उडता येणारे पंख फुटल्यावरही कात टाकणारे कीटक हे एवढेच. आता तो स्पिनर झाला : पंख काचेसारखे, खायला तोंडच उपयोगाचं नाही, आयुष्य बहुधा काही तास ते एखाद-दोन दिवस. अंडी घालून झाली की पंख पसरून पाण्यावर पडतो.

म्हणून आमच्या डबीत निम्फ, कातीतून अर्धवट सुटलेला, डन आणि स्पिनर असे चार प्रकार आहेत. मासा पाणी फोडतोय, पण मागे हवेचा बुडबुडा राहत नाही? तो बहुधा पृष्ठभागाच्या जरा खालचे, सुटू पाहणारे किडे टिपतोय. बुडबुडा राहिला तर डन बांधून बघा.

चारही प्रकारांत माशी पाण्याच्याच वेगाने वाहायला हवी. दोरीने तिला ओढलं आणि मागे रेघ उमटली की शहाणा मासा तोंड फिरवतो. दोरीला खालच्या अंगाला फुगवटा येऊ लागला की तो अलगद उचलून वरच्या अंगाला टाका, माशी न हलवता. आमचे निम्मे ‘न चालणारे’ डन इथेच चालू लागले आहेत.

कॅडिस : इथे नियम मोडा

कॅडिसचा कोष तळातून झपाट्याने वर येतो आणि मासा त्याच्या मागे धावतो, म्हणून पाणी उडतं. माशी खाली वाहून गेली की दोरी ताणून धरा, म्हणजे ती आपोआप वर उचलली जाते. धक्का बहुधा तेव्हाच बसतो. प्रौढ कॅडिसचे पंख पाठीवर कौलारू छपरासारखे मिटलेले असतात. ती पाण्यावर फडफडते, तेव्हा तरंगत्या माशीला बारीक हिसका दिलेला चालतो.

स्टोनफ्लायचा निम्फ काठावर चढून कात टाकतो. खडकांवर रिकाम्या काती दिसल्या, तर मोठा निम्फ काठालगत सोडा.

मिज, म्हणजे डासासारखी चिमुकली माशी, मात्र बारमाही. थंडीत आणि संथ पाण्यात बाकी काही नसलं तरी मिज असतेच. तिची लाल अळी हिमोग्लोबिनमुळे लाल असते. कोष पाण्याच्या सायीखाली लोंबकळतो, तेव्हा माशीही जवळजवळ स्थिर ठेवा.

कोणता नंबर?

गळाचा आकडा वाढतो तसा गळ लहान होतो : ६ नंबर स्टोनफ्लायचा, २२ मिजचा. आधी आकार जुळवा, मग घडण, रंग शेवटी. आम्ही रंगीत माश्यांचे ढीग विकतो, तरी हेच सांगू. टोकाच्या धाग्यासाठी गळाच्या नंबराला ३ ने भागा : १६ नंबरला ५एक्स जाडीचा धागा, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर.

ओल्या माश्या डबीत बंद करू नका, गळ गंजतात. झाकण रात्रभर उघडं ठेवा.