'बील' म्हणजे मोटार, पण हलणं कुठे गेलं?

2024 साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. ती बातमी वाचताना मी 'एलबील' या शब्दाशी अडलो. विजेच्या मोटारीला तिथे असं म्हणतात. साधी मोटार म्हणजे नुसतं 'बील'.

हा शब्द शेजारच्या डेन्मार्कमधला. 1902 साली 'पोलिटिकेन' दैनिकाने 'ऑटोमोबील'ऐवजी सुटसुटीत नाव सुचवायची स्पर्धा घेतली, त्यातून तो पुढे आला. आता मूळ शब्द सोडवून बघा. ग्रीक 'आउटोस' म्हणजे स्वतः. लॅटिन 'मोबिलिस' म्हणजे हलण्याजोगा. त्यात हलण्याचा धातू 'मो'पुरताच. 'बिलिस' हा 'जोगा' अर्थाचा प्रत्यय. म्हणजे 'हलण्याजोगी'तलं हलणं गळालं आणि 'जोगी' तेवढी रस्त्यावर धावू लागली!

आपली 'बस' तर याहून नवलाची. लॅटिन 'ऑम्निबुस' म्हणजे सर्वांसाठी. 'ऑम्नि' म्हणजे सर्व. 'बुस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. शाळेत घोकलेलं 'रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः' आठवतंय? त्यातला 'भ्यः' आणि हा 'बुस' एकाच घराण्यातले. संस्कृत आणि लॅटिन या दोघींच्या पूर्वज भाषेतला, म्हणजे मूळ इंडो-युरोपीय 'भ' संस्कृतने जपला. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला त्याचा 'फ' झाला, दोन स्वरांमध्ये 'ब'. म्हणून भ्राता–फ्राटेर, भरामि–फेरो, पण नभस्–नेबुला. स्टॉपवर उभे राहून आपण ज्या गाडीची वाट बघतो, तिचं नाव म्हणजे विभक्तीचा प्रत्यय आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

शब्दांचं नातं असं ठरतं: एकच नियम अनेक जोड्यांना लागू पडला पाहिजे. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला, असे संदेश फिरत असतात. उद्या कुणी 'बील' म्हणजे आपलं 'बल' असंही म्हणेल. पण नॉर्वेजियन ज्या जर्मानिक भाषाकुळातली, त्यात मूळ 'ब'चा 'प' होतो, म्हणजे 'बल'चं भावंड तिथे 'प'ने सुरू व्हायला हवं. शिवाय 'बील'चा जन्म तर कालपरवाचा, तारखेसकट नोंदलेला. कानाला सारखं वाटणं हा पुरावा नव्हे.

ओस्लोत विजेची ट्राम 1894 साली सुरू झाली. तिला लोक 'ट्रिक' म्हणतात. 'एलेक्ट्रिस्क' म्हणजे विजेचा. त्याचं शेपूट ट्रामला मिळालं, आणि डोकं, म्हणजे 'एल', आता 'एलबील'ला.