अंगण खरंच वाकडं असेल तर?

आवडतं साधन हातात असलं की काम खरंच चांगलं होतं का? हे बघायला एक पेन्सिल घ्या, डोळे मिटा आणि आधी गुळगुळीत, मग खरखरीत कागदावर रेघ ओढा. खरखर कुठे जाणवली? पेन्सिलीच्या टोकाशी. टोकाला तर ना त्वचा, ना नस! कागदाच्या खडबडीतपणाने टोकाला बारीक हादरे बसतात, ते लाकडातून वर चढतात आणि बोटांच्या त्वचेखालच्या पॅसिनियन कणिका, म्हणजे कंपनं ओळखणारी नसांची टोकं, ते टिपतात. सेकंदाला २५०च्या आसपास कंपनं असली की या कणिका सगळ्यात हळव्या असतात. निरोप बोटांनी पोहोचवला, पण मेंदू त्यावर पत्ता लिहितो टोकाचा.

‘हात बसणं’ म्हणतात ते हेच असावं. १९९६ साली जपानमध्ये मेंदूचे अभ्यासक अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्याने खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. माकडांच्या मेंदूतल्या काही पेशी एरवी हाताजवळ काही दिसलं की जाग्या व्हायच्या. दाताळं वापरल्यावर त्यांची ‘हाताजवळ’ची हद्द दाताळ्याच्या टोकापर्यंत लांबली. दाताळं नुसतंच हातात धरलं, तर मात्र हद्द तिथल्या तिथेच. नवं साधन घेऊन कपाटात ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

साधन असं अंगात मुरलं की लक्ष मोकळं होतं. ही काही थोडीथोडकी कमाई नाही, कारण कार्यस्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी मावतात. अर्धं वाक्य मनात तरंगत असताना निब कागदात रुतली, तर त्या तीन-चारातली एक जागा निबेने बळकावली. तेवढ्यात वाक्याचा उरलेला अर्धा भाग गेलेला असतो. चित्र काढताना रेघ पडद्यावर किंचित मागे राहून उमटली, तरी हेच. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून आपण हसतो खरे, पण वाकडं अंगण नाचणाऱ्याला सतत पायाकडे बघायला लावतं.

मग आवडतं साधन कामाचा दर्जा वाढवतं का? इथे मला थोडी शंका आहे. साधनांचा नसला, तरी आनंदाचा एक जवळचा प्रयोग १९८५ साली मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी केला. ७२ लेखकांकडून छोट्या कविता लिहून घेतल्या. त्याआधी काहींना पैसा, प्रसिद्धी अशा लिहिण्यामागच्या बाहेरच्या कारणांचा विचार करायला लावला, काहींना लिहिण्यातल्या आनंदाचा. बाहेरच्या कारणांत घोळलेल्यांच्या कविता जाणकारांना फिक्या वाटल्या. आनंदाची आठवण करून दिलेल्यांच्या कविता मात्र, ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा फार सरस ठरल्या नाहीत. आनंद बहुधा आधीपासूनच होता, प्रश्न तो बिघडण्याचा होता. साधनांचंही असंच असावं, असं मला वाटतं. वाईट साधन जेवढं हिरावून घेतं, तेवढं सुंदर साधन देत नाही. देतं ते एवढंच की आपण खुर्चीवरून लवकर उठत नाही आणि चौथा खर्डा करायचा कंटाळा येत नाही.

आवडीमागचं कारणही आपल्याला धड कळत नाही. २०१० साली इंडियानापोलिसमधल्या एका हॉटेलच्या खोलीत ध्वनीच्या अभ्यासक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी २१ वादकांना काळे गॉगल घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारियस, म्हणजे जगप्रसिद्ध इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हारी यांच्या हातची. जुन्या लाकडाच्या वासाने ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तरही लावलं होतं. सर्वाधिक पसंती मिळाली एका नव्या व्हायोलिनला आणि सगळ्यात कमी एका स्ट्रॅडिव्हारियसला. आवडीनिवडी खोट्या नव्हत्या, हाताला वाद्याचा प्रतिसाद कळत होता. नावाचं वलय तेवढं गॉगलआड राहिलं.

डोळे उघडे असले की रूपही वजन टाकतं. १९९५ साली जपानमध्ये २५२ जणांना एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या दाखवल्या. ज्या देखण्या, त्याच बहुतेक करून लोकांना वापरायला सोप्या वाटल्या.

मी स्वतः एकदा ऐपतीबाहेरचं शाईचं पेन घेतलं. पहिले दोन आठवडे त्याने फक्त सह्या केल्या; अक्षर बघत बसायचो, लिहायचो काहीच नाही. आता त्याच्या टोपणाला चरे पडलेत. परवा एका लेखाच्या मध्यावर शाई संपली, तेव्हा कुठे आठवलं की हातात पेन आहे.