तापलेला बर्फ

पहाटे साडेपाचला शाळेचा रेकॉर्ड केलेला फोन आला: आज सुट्टी. मुलांना याचं नवल वाटलं नाही, कारण त्यांनी रात्रीच बंदोबस्त करून ठेवला होता. सात वर्षांचा थोरला पायजमा उलटा घालून झोपला होता आणि चार वर्षांच्या धाकटीने उशीखाली चमचा ठेवला होता. स्नो डे, म्हणजे बर्फामुळे शाळेला सुट्टी, मिळवायचे अमेरिकेतल्या पोरांचे हे पिढीजात तोडगे. कमोडमध्ये बर्फाचे खडे टाकून फ्लश करणं हा तिसरा, तो आमच्याकडे बंद केला आहे. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेली माझी आई म्हणाली, "आम्ही नाही का पावसासाठी धोंडी काढायचो, तसंच हे."

न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलो शहरात हे तोडगे फळतात, पण त्याचं श्रेय ईरी सरोवराला. हे सरोवर जवळपास चारशे किलोमीटर लांब आहे आणि आम्ही त्याच्या पूर्व टोकाला राहतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी अजून कोमट असतं आणि त्यावरून थंडगार वारा लांबीच्या दिशेने धावत येतो. वाटेत तो ऊब आणि बाष्प उचलतो, वर चढतो, गार होतो आणि काठावर येऊन सगळं ओझं टाकतो. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा सह्याद्रीला धडकून कोकणात रिकामा होतो, त्याचीच ही थंड आवृत्ती. फक्त इथे वाऱ्याला वर ढकलायला डोंगर लागत नाही, कोमट पाणीच ते काम करतं. ढगांचा हा पट्टा अगदी अरुंद असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेच्या ऑर्चर्ड पार्क उपनगरात सहा फुटांहून जास्त बर्फ साठला आणि शहराच्या उत्तर टोकाला त्या मानाने थोडासाच. कात्रजला धो धो आणि शिवाजीनगरला ऊन, तसंच. पुढे सरोवर गोठलं की बाष्पाचा हा नळ बराचसा बंद होतो.

एक अडचण आधीच सांगून टाकते. आकाशातून पडतो तोही आपल्याकडे बर्फ आणि फ्रीजच्या ट्रेमधला खडाही बर्फच. पुस्तकात पहिल्याला हिम म्हणतात, पण "बाहेर हिम पडतंय" असं घरात कोण बोलतं? इथली मराठी माणसं सरळ "स्नो पडतोय" म्हणतात. फरक मात्र खरा आहे. ट्रेमधला खडा म्हणजे गोठलेलं पाणी. ढगातला हिमस्फटिक पाण्याची पायरी गाळून थेट वाफेतून वाढतो, एकेक रेणू चिकटत, म्हणून त्याला नक्षी असते. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, त्यामुळे पाकळ्या सहा.

ती नक्षी बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. आम्ही काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा तासभर बाहेर ठेवून गार केला. खोलीतला उबदार पुठ्ठा नेला तर स्फटिक टेकताक्षणी विरघळतो. मग पुठ्ठ्यावर चार कण झेलायचे, भिंग धरायचं आणि श्वास रोखायचा. धाकटीला शेवटचं जमलं नाही. तिने "ओ!" म्हटलं आणि त्या "ओ"मध्येच चांदणी गेली.

याच पद्धतीने अमेरिकेच्या व्हर्मॉन्ट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली आयुष्यभर स्फटिक पकडत राहिला. १५ जानेवारी १८८५ रोजी, विसाव्या वर्षात असताना, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा आपला पहिला फोटो काढला. पुढे असे पाच हजारांवर फोटो त्याने काढले. पण कोणता आकार कधी, हे कोडं सुटलं जपानात. होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये थंड खोलीत सशाच्या केसाच्या टोकावर कृत्रिम स्फटिक वाढवला. धागे वापरले तर त्यांवर नुसतं दव गोठायचं. सशाच्या केसावर मात्र स्फटिक सुटे वाढले. त्यांना आढळलं की उणे २ अंशांच्या आसपास चपट्या चकत्या बनतात, उणे ५ ला सुया आणि उणे १५ ला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या चांदण्या. आमच्या पुठ्ठ्यावर चांदण्या होत्या, म्हणजे डोक्यावरच्या ढगात उणे १५ च्या आसपास थंडी होती. थर्मामीटर वर न पाठवता ढगाचा ताप कळला.

मग थोरल्याने स्टीलच्या पेल्यात भुसभुशीत बर्फ शिगोशीग भरून ओट्यावर ठेवला. तासाभराने तळाशी जेमतेम बोटाच्या पेरभर पाणी. "कुणी प्यायलं?" कुणीच नाही. ताज्या बर्फात दहापैकी नऊ हिस्से हवाच असते. त्या अडकलेल्या हवेमुळे बर्फाखालची जमीन रजई घेतल्यासारखी उबदार राहते आणि आवाज छिद्रांत जिरून गल्ली अशी चिडीचूप होते. पांढरेपणही त्यातलंच: कणाकणावर उजेड उसळतो, खडीसाखर कुटली की पांढरी होते तसा.

सकाळी उणे ९ अंश होते. स्नोमॅन काही जमेना. मुठीत दाबलेला गोळा रांगोळीसारखा सुटत होता. दुपारी पारा चढून शून्याच्या जरासाच खाली राहिला आणि तोच बर्फ लाडवासारखा वळू लागला. आता या बर्फाबद्दल जे मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते सांगते. बर्फाला आपण थंड म्हणतो ते आपल्या हाताच्या मानाने. थंडीचा तळ आहे उणे २७३ अंश. तिथून मोजायला लागलं तर बर्फ २७३ वर वितळतो आणि उणे ५ चा बर्फ २६८ वर असतो. म्हणजे वितळण्याची वाट तो अठ्ठ्याण्णव टक्के चालून आलेला आहे. लोखंडाला त्याच्या वाटेवर एवढंच पुढे आणायचं तर सुमारे १५०० अंशांपर्यंत तापवावं लागेल. स्वतःच्या हिशोबाने अंगणातला बर्फ हा भट्टीतून नुकत्याच काढलेल्या, पांढऱ्याफटक लोखंडासारखा तापलेला पदार्थ आहे.

लोहार असे दोन तापलेले तुकडे ऐरणीवर ठोकून एकजीव करतो. पोरं हातमोज्यांनी तेच करत होती. बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा अतिपातळ थर असतो आणि म्हणून बर्फाचे दोन तुकडे टेकवले की चिकटतात, असं मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच मांडलं होतं. शून्याजवळ हा थर जाड असतो, त्यात दाबाने आणि वितळलेल्या थेंबांनी भर पडते, आणि गोळा होतो. कडक थंडीत थर झिजतो, जोड सावकाश लागतो. पण लागतो. पहाटे प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीने, आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकललेला भुगा लगेच उचलला असता तर फावड्याने निघाला असता. मी म्हटलं आधी चहा घेऊ, मग मुलांचा नाश्ता, मग चांदण्या. दुपारी तिथे दगड होता. प्लाऊने कणांचे बारीक तुकडे करून एकमेकांवर रेटले होते आणि चार-पाच तासांत त्यांचे सांधे जुळले होते. पहार असती तर बरं झालं असतं.

रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक गेला तेव्हा आई खिडकीशी होती. "खडेमीठ? म्हणजे पॉट आइस्क्रीमच की!" मे महिन्यात आजोळी लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून आळीपाळीने दांडा फिरवायचो, ते तिला आठवलं. शास्त्र एकच. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून शून्याखालीही बर्फ वितळत राहतो. रस्त्याला तेवढंच पुरे असतं, पण साधारण उणे १० च्या खाली साध्या मिठाचं फारसं चालत नाही. आइस्क्रीमला हवी असते दुसरी बाजू: एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, ती तो शेजारच्या दुधातून ओढून घेतो. मीठ स्वतः थंड नसतं, ते बर्फाला उधारीवर वितळायला लावतं आणि वसुली दुधाकडून होते.

पॉट नव्हता. छोट्या झिपच्या पिशवीत दूध, साय, साखर, वेलची. ती मोठ्या पिशवीत, भोवती अंगणातला बर्फ आणि मूठभर खडेमीठ. हातमोजे मात्र घालायलाच हवेत, कारण ते मिश्रण उणे १० च्याही खाली जातं आणि उघड्या हाताला चटका बसतो. दहा मिनिटं हलवाहलवी झाली. छोट्या पिशवीचं झिप नीट लागलं नव्हतं, हे पहिल्या चमच्यालाच कळलं. आजी म्हणाली, "खारी लस्सी झालीय," आणि दुसरी पिशवी भरायला घेतली.

संध्याकाळी धाकटीने बाबाला दाखवायला वाटीभर चांदण्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. बाबा कामावर अडकला होता, तो दोन दिवसांनी घरी आला आणि वाटी आठवायला आठवडा गेला. वितळलेलं काहीच नव्हतं, पण चांदणी एकही नाही. फ्रीझरमध्ये उणे १८ असले तरी बर्फाच्या हिशोबाने ती भट्टीच. टोकदार काट्यांवरचे रेणू वाफ होऊन सुटतात आणि खोबणीत जाऊन बसतात. काटे झिजतात, सांधे भरतात. वाटीत साबुदाण्यासारखे गोल दाणे एकमेकांना घट्ट धरून बसले होते. तिने चमचा खुपसून पाहिला, तो जाईना. मग वाटी पालथी करून ओट्यावर आपटली आणि ढेकूळ अख्खं बाहेर पडलं, वाटीच्याच आकाराचं.