पाण्यातली पानं, हवेतली पानं

क्रिप्टोकोरीन किंवा बुसेफॅलँड्रा या पाणवनस्पतींचं टवटवीत रोप माशांच्या टाकीत लावलं, की पंधरा दिवसांत त्याची पानं पारदर्शक होऊन कुजायला लागतात. हौशी मंडळी याला ‘मेल्ट’ म्हणतात आणि घाबरून खत वाढवतात. तो उपाय उलटा पडतो, कारण रोपाच्या आधी शेवाळच ते खत खातं.

ही दोन्ही रोपं अळूच्या कुळातली. बुसेफॅलँड्रा फक्त बोर्निओ बेटावर, ओढ्याकाठच्या खडकांना चिकटून वाढते. पाणी चढलं की ती बुडते, ओसरलं की उघडी पडते. नर्सरीत मात्र अशी रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. हवेतल्या पानावर मेणचट थर असतो आणि हवा आत घ्यायला पर्णरंध्रं असतात. पाण्याखाली या रचनेचा उपयोग नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो, म्हणून तिथलं पान पातळ असतं आणि सगळ्या पृष्ठभागातून वायू शोषतं. तयार झालेलं पान आपली घडण बदलू शकत नाही. रोप ते टाकतं आणि नवं काढतं.

त्यामुळे पानं मोजत बसू नये, आडवं खोड म्हणजे राइझोम तपासावा. बोटाने दाबून टणक लागला तर रोप जिवंत आहे, एकही पान नसलं तरी. मऊ, तपकिरी आणि वास मारणारा भाग धारदार ब्लेडने निरोगी गर दिसेपर्यंत कापून टाकावा. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, तेव्हा हात धुवावेत.

बुसेफॅलँड्रा आणि तिच्यासारख्याच अनुबियास या रोपाचा राइझोम वाळूत पुरला की हमखास सडतो. दगड पुसून कोरडा करावा, जेल स्वरूपातल्या सुपरग्लूचा थेंब टाकून मुळं अर्धा मिनिट दाबून धरावीत. पाण्यात गोंद पांढरा पडतो, पण ते काही बिघडल्याचं लक्षण नव्हे. क्रिप्टोकोरीनची मुळं मात्र मातीतच हवीत, फक्त पानांचा बुंधा वर ठेवावा.

तापमान 22 ते 26 अंश, प्रकाश मंद आणि दिवसाला सहा-सात तास. इथे हात आखडताच बरा. ही रोपं इतकी संथ वाढतात, की प्रखर दिव्याखाली नवं पान येण्याआधी जुन्यावर शेवाळ बसतं.

टेरॅरियममध्ये, म्हणजे काचेच्या डब्यातल्या दमट बागेत, उलट्या दिशेने म्हणजे पाण्यातून हवेत जाताना धोका जास्त. पाण्यातलं पान मोकळ्या हवेत बघता बघता सुकतं. काचेच्या डब्यात तीन-चार सेंटिमीटर अ‍ॅक्वासॉइल (टाकीसाठीची दाणेदार माती) किंवा लाव्हा खडीचा थर द्यावा, पाणी थराच्या वरच्या पातळीपेक्षा एक सेंटिमीटर खाली ठेवावं आणि झाकण घट्ट लावावं. दिवा दहा तास पुरे. रोज दोन मिनिटं झाकण उघडून हवा बदलावी, नाहीतर मेलेल्या पानांवर पांढरी बुरशी धरते. बुरशी दिसली तर आधी ती पानं काढावीत, मग औषधाचा विचार. फवारणीला क्षार नसलेलं पाणी वापरावं, म्हणजे पानांवर पांढरे डाग पडत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी कडक, चकचकीत नवी पानं आली, की झाकण रोज थोडं जास्त किलकिलं करत न्यावं.

रोपं वाढवायची असतील तर याच अवस्थेत राइझोमचे तुकडे करावेत, प्रत्येकाला निदान तीन पानं आणि थोडी मुळं ठेवून. त्याहून लहान तुकडा जगला तरी महिनोन् महिने तसाच बसून राहतो.