रुग्णालयातून घरी : संक्रमणकालीन शुश्रूषा

रुग्णाला घरी सोडताना आणि पुढचे काही आठवडे त्याच्या उपचारांत खंड पडू नये म्हणून केलेली आखणी, शिकवण व पाठपुरावा म्हणजे संक्रमणकालीन शुश्रूषा. डिस्चार्ज कार्ड हातात पडले की रुग्णालयाचे काम संपले, असे मानण्याची रीत जुनी आहे. प्रत्यक्षात आदल्या दिवसापर्यंत परिचारिका पाळीपाळीने करत असलेली कामे दुसऱ्या दिवशी घरातल्या एकादोघांच्या अंगावर पडतात, आणि तीही घाईत, बिलाची गडबड चालू असताना सांगितलेल्या सूचनांच्या भरवशावर.

सर्वांत मोठा घोळ औषधांचा. रक्तदाबाची जुनी गोळी घरात असते, रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या ब्रँडनावाने लिहून दिलेले असते आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो. कोणती गोळी बंद झाली हे कार्डावर बहुधा लिहिलेलेच नसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत घरी सोडलेल्या ४०० रुग्णांपैकी ७६ जणांना उपचारांमुळेच अपाय झाल्याचे आढळले आणि त्यांतले बहुतेक अपाय औषधांचे होते. म्हणून जुन्या-नव्या औषधांची यादी समोरासमोर ठेवून ताडणे, ही या शुश्रूषेतली पहिली पायरी. दुसरी म्हणजे ‘समजलं ना?’ असे न विचारता रुग्णाला किंवा नातेवाइकांना त्यांच्याच शब्दांत सगळे सांगायला लावणे. मान सगळेच डोलावतात. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णाने रोज सकाळी वजन करायचे आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर लगेच कळवायचे, इतकी नेमकी सूचना ‘काळजी घ्या’पेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

या कामाला शास्त्रशुद्ध रूप दिले ते मुख्यतः पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील परिचर्यातज्ज्ञ मेरी नेलर यांनी. त्यांच्या पद्धतीत एकच प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयात रुग्णाला भेटते आणि नंतर घरीही जाते. कोलोरॅडोतील एरिक कोलमन यांच्या पद्धतीतला मार्गदर्शक स्वतः कामे उरकत नाही. डॉक्टरांना काय विचारायचे याचा सराव तो रुग्णाकडून करून घेतो.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून ठरावीक आजारांचे रुग्ण ३० दिवसांच्या आत अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा दाखल झाले, तर मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना रुग्णालयाचे पैसे कापू लागली. त्यामुळे या विषयाला एकदम भाव आला. पण हे मोजमाप अपुरे आहे: रुग्ण परत आला नाही म्हणजे घरी सगळे ठीक आहे असे नव्हे, आणि शुश्रूषा करणाऱ्याची झालेली दमछाक त्यात कुठेच दिसत नाही. यशाचे दावेही जपूनच घ्यावेत. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन शहरात वारंवार दाखल होणाऱ्या, गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी राबवलेला कार्यक्रम फार गाजला होता; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र १८० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कार्यक्रमातल्या रुग्णांत ६२.३ टक्के, तर इतरांत ६१.७ टक्के निघाले. अतिशय वाईट काळातून गेलेल्यांचे दाखल होणे पुढे आपोआपही कमी होते, हे आधीच्या कौतुकात निसटले होते.

शौचालयाला उंबरा किती उंच, रात्री सोबतीला कोण, हे वॉर्डात बसून कळत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाला आधी घरी नेऊन त्याच्या पुढच्या गरजा तिथेच तपासण्याची पद्धत रुजली आहे. त्यासाठी मदतनीस पहिल्या दिवसापासून हजर लागतात; ते नसतील तर सगळा भार पुन्हा घरच्यांवरच येतो.