न्याय्य संक्रमण (ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

न्याय्य संक्रमण : कोळसा, खनिज तेल व घातक रसायने यांवरचे उद्योग मागे पडून हरित अर्थव्यवस्था उभी राहताना बदलाचा भार एकट्या कामगारावर पडू नये, म्हणून भरपाई, प्रशिक्षण व पर्यायी रोजगार यांची आधीच केलेली तरतूद. ‘न्याय्य स्थित्यंतर’ असेही म्हणतात.

संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. बहुतेक अभ्यासक तिचे श्रेय अमेरिकेतील तेल, रसायन व अणुउद्योग कामगार संघटनेचे नेते टोनी मॅझोकी (१९२६–२००२) यांना देतात. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय लावणारा १९४४ चा कायदा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ते स्वतः अशा सैनिकांपैकीच. विषारी जागांच्या सफाईसाठी अमेरिकेत १९८० साली निधी उभा राहिला, मग त्या कारखान्यांत राबलेल्यांसाठी का नको, असा त्यांचा सवाल होता. त्यांची ही मांडणी साधारणतः १९९० च्या दशकाच्या आरंभीची. प्रत्यक्ष शब्दप्रयोग मात्र त्या दशकाच्या मध्यास अमेरिकी व कॅनडियन संघटनांच्या वापरात दिसतो. त्यामुळे काही जण कॅनडातील ऊर्जा व कागद कामगारांना अग्रमान देतात. विचार मॅझोकींचा, शब्द संघटनांचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात ही संकल्पना आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे काढली.

ही सारी मांडणी नाव हजेरीपटावर असलेला, संघटनेचा सभासद कामगार गृहीत धरते. ठाणे–बेलापूर पट्ट्यात अडचण नेमकी तेथेच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) या पट्ट्यातील रसायन व अभियांत्रिकी कारखान्यांच्या जागी पुढे आयटी पार्क, गोदामे व डेटा सेंटरे आली. त्या बदलाचे कारण पर्यावरण हे नव्हतेच. तरी कायम कामगार घटून ठेक्यावरचा वाढला तो याच काळात. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार कपातीत निघालेल्याला सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळे, पण किमान वर्षभराची सलग सेवा लागे. त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये पुनर्कौशल्य निधीत मालकाने आणखी १५ दिवसांचे वेतन भरण्याची तरतूद आहे. ठेकेदार बदलला की सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाणाऱ्याच्या हाती यातले फारसे काही पडत नाही.

ठाणे व नवी मुंबईच्या परिवहन सेवांत विजेवरील बसगाड्या आल्या त्या मुख्यतः प्रतिकिलोमीटर दराच्या कंत्राटावर. चालक व देखभाल कंत्राटदाराकडे असते.

गॅरेजमध्ये हा बदल डोळ्यांनी दिसतो. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल, क्लच प्लेट, सायलेन्सर, इंजेक्टर यांपैकी काहीच नसते. बॉनेटवर हात ठेवून, आवाजावरून दुखणे ओळखणाऱ्या मिस्त्रीपुढे नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारा येतात; इन्सुलेटेड हातमोजे व प्रशिक्षण यांशिवाय त्यांना हात लावणे जिवावर बेतू शकते. पाने पुसत शिकलेल्या पोऱ्याला आयटीआयचा दाखला नसतो आणि नव्या सर्व्हिस सेंटरात तो आधी मागतात. त्याच्या हातातले कसब खरे आहे. ते तपासून दाखला देण्याची सोय प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असणे, ही येथे या संकल्पनेची पहिली गरज होय.

हजेरीपटाबाहेरच्यांत कचरा वेचणारेही येतात. त्यांना महापालिकांनी आपल्या व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये सांगितले होते. पट्ट्यातील तुर्भ्यासारख्या भागात त्यांची दिवसाची कमाई भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर ठरते.