माऊली कुठवर आली?

ज्येष्ठ सरत आला की लोणंद, फलटण, नातेपुते या पट्ट्यात हा प्रश्न रोज कानावर पडतो. किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, बांधावर. "माऊली कुठवर आली?" "आज जेजुरी, उद्या वाल्हे, परवा लोणंद." विचारणाऱ्याच्या मनात आळंदीहून पंढरपूरला निघालेली पालखी नसते, रथही नसतो. त्याच्या मनात ज्ञानेश्वर असतात. 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, अवघ्या एकविसाव्या वर्षी आळंदीत समाधी घेतलेले ज्ञानेश्वर. ऐंशीच्या घरातली आजी एकवीस वर्षांच्या पोराला आई म्हणते आणि तो आज कुठल्या गावात जेवला याची चौकशी करते. हे नुसत्या श्रद्धेतून आपोआप घडलेलं नाही. ज्ञानेश्वरांना आपल्या काळात आणायला त्या त्या वेळी कुणीतरी खपलं आहे.

समाधीच्या वेळी नामदेव तिथे होते. 'नामा म्हणे आता लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ' या ओळीत नुसतं दुःख आहे. समाधी संजीवन, पण दिनकर लोपला तो लोपलाच. मागे ज्ञानेश्वरी राहिली, आणि ती हातोहाती नकलत गेली. नकलताना शब्द बदलले, नव्या ओव्या घुसल्या. जवळजवळ तीनशे वर्षांत लोकांच्या ओठांवर जे उरलं, त्यातलं ज्ञानेश्वरांचं किती आणि लिहिणाऱ्यांचं किती हे सांगणं अवघड झालं.

इथे पैठणचे एकनाथ येतात. त्यांच्या अभंगात ज्ञानदेव स्वप्नात येऊन सांगतात, 'अजान वृक्षाची मुळी कंठास लागली । येऊनि आळंदी काढ वेगीं'. नाथ आळंदीला गेले, समाधीचं स्थान त्यांनी पुन्हा उजेडात आणलं, आणि नंतर पोथ्या ताडून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मला ही दोन्ही कामं एकच वाटतात. गळ्याला मुळीचा फास बसलेला आणि शब्दांवर चुकांची पुटं चढलेली. नाथांनी दोन्हीकडून कंठ मोकळा केला. तो अजानवृक्ष आळंदीच्या देवळात आजही आहे, आणि त्याच्या सावलीत बसून ज्ञानेश्वरीची पारायणं चालतात.

शब्द परत आले, पण ज्ञानेश्वर स्वतः अजून आळंदीतच होते. त्यांना चालतं केलं ते तुकोबांच्या धाकट्या मुलाने. नारायणबाबांचा जन्म तुकोबा गेल्यानंतरचा. बापाचा चेहरा त्यांनी पाहिलेला नव्हता, आवाज ऐकलेला नव्हता. 1685 साली त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, देहूहून आळंदीला नेल्या, तिथे ज्ञानेश्वरांच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी त्याआधीही होतीच, ज्ञानेश्वरांच्या घराण्यातही होती. पण तोवर माणसं संतांची आठवण मनात ठेवून चालत. आता संतच त्यांच्यासोबत चालू लागले. 'ज्ञानोबा-तुकाराम' असा जोडीचा गजर वारीत घुमतो त्यामागे ही एकत्र पालखी आहे. न पाहिलेल्या बापाला मुलाने असं घराबाहेर आणलं, याचं मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

आज दिसतो तो ज्ञानेश्वरांचा वेगळा सोहळा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, आणि तो उभा केला हैबतबाबांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरलं, कोंडलं. आत ते हरिपाठ म्हणत राहिले आणि एकविसाव्या दिवशी सुटले, अशी कथा सांगतात. सुटले ते आरफळला न जाता आळंदीला आले आणि तिथलेच झाले. शेजारतीपासून काकड्यापर्यंत ते समाधीपुढे भजन करत. आळंदीच्या महाद्वारातल्या त्यांच्या पायरीला आधी हात लावून मगच वारकरी आत जातो.

सगळ्यात मोठं काम या फौजेतल्या माणसाचं, असं माझं मत आहे. भाव होताच, त्याला त्यांनी शिस्त दिली. कुठली दिंडी कुणाच्या पुढे, मुक्काम कुठे, कुठल्या वेळी कुठले अभंग, सगळं बांधून दिलं. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सोय केली. चालणाऱ्याला रात्री छप्पर लागतं, ताट लागतं, बसायला घोडा लागतो. देवळातल्या मूर्तीसाठी नव्हे, प्रवासाला निघालेल्या माणसासाठी करावी तशी ही तजवीज आहे.

ती आजही मोडलेली नाही. अंकलीहून घोडे पायी आळंदीला येतात. प्रस्थानानंतर पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी, कारण ज्ञानेश्वरांचे आजोबा सिद्धोपंत तिथले. लांबच्या प्रवासाला निघताना एक रात्र आईच्या माहेरी. वाटेत नीरेच्या पात्रात पादुकांना आंघोळ. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तेव्हा दोन रांगांत उभ्या वारकऱ्यांमधून दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. मोकळी म्हणायची नाही, त्यावर माऊली असतात. तो घोडा पुढून गेला की माणसं खाली वाकतात आणि टापेखालची माती कपाळाला लावतात. शेजारच्याच्या कपाळावर ती लावायलाही विसरत नाहीत.

संध्याकाळची समाजआरती तर बघावीच. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, टाळ चालू असतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारा चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन ती ऐकून घेतो. माऊलींच्या समोर गाऱ्हाणं मांडायची ही रीत आहे. हरवलेल्या वस्तूही इथेच पुकारल्या जातात.

सासवडहून निघालेल्या सोपानदेवांच्या पालखीशी पुढे वाटेत गाठ पडते, तिला बंधुभेट म्हणतात. रथाला रथ भिडतो, नारळाची देवाणघेवाण होते. धाकटा भाऊ भेटला म्हणून मोठमोठे बाप्ये डोळे पुसत असतात.

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका आळंदीतच राहिल्या आणि दशमीला, 30 जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटीने मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. वाटेतल्या गावांत त्या वर्षी मुक्काम नव्हते, रिंगणं नव्हती. तरी गाडी जाताना लोक घराच्या उंबऱ्यावर हात जोडून उभे होते.

एकादशी झाली की कॅमेरे परत जातात. पौर्णिमेचा काला होतो आणि पादुका पुन्हा निघतात, आता उलट्या वाटेने. या परतवारीला गर्दी नसते, मजल मोठी असते, पाऊस बहुधा लागलेला असतो. थोडकेच वारकरी उरतात, चिखलातून झपाट्याने चालतात. माऊलींना घरी पोचवायचं असतं.